१ जानेवारी १९४५: विमाने किती आणि वैमानिक किती?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जर्मन हवाई दलाच्या 'बोडनप्लाट्टे' मोहिमेवरचा लेख वाचला. १ जानेवारी १९४५ च्या सकाळी सुमारे ९०० ते १,००० जर्मन लढाऊ विमानांनी हॉलंड, बेल्जियम आणि फ्रान्समधील दोस्त राष्ट्रांच्या हवाई तळांवर एकाच वेळी धाड घातली, हा प्रसंग मराठीत फारसा लिहिला जात नाही. त्यामुळे लेखाबद्दल आभारच मानायला हवेत. मात्र दोस्तांची सुमारे ३०० विमाने नष्ट झाली आणि जर्मनांनी सुमारे २७० गमावली, म्हणून तो दिवस जर्मनीने जिंकला, हा लेखातील निष्कर्ष मला पटला नाही. गेली अनेक वर्षे मी या एकाच दिवसाविषयी मिळेल ते वाचत आलो आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लेखातील दोन्ही आकडे ढोबळमानाने बरोबर आहेत. चूक आहे ती त्यांच्या तुलनेत. दोस्तांची जी विमाने गेली, ती जवळजवळ सगळी धावपट्टीच्या कडेला रिकामी उभी असताना जळाली आणि त्यांचे बहुतेक वैमानिक सुखरूप राहिले. अमेरिकी आणि ब्रिटिश कारखान्यांतून विमानांचा ओघ सुरू असल्याने त्यांच्या जागी थोड्याच दिवसांत दुसरी विमाने आली. जर्मन विमाने मात्र वैमानिकांसकट पडली. सर्वांत काटेकोर मोजणीनुसार जर्मनीची २७१ लढाऊ विमाने नष्ट झाली, १४३ वैमानिक ठार किंवा बेपत्ता झाले आणि ७० शत्रूच्या हाती सापडले. त्यांत तीन विमानदलांचे प्रमुख होते. जे जी ११ या लढाऊ विमानदलाचा प्रमुख ग्युंथर श्पेख्ट हा त्यांपैकी एक. १९३९ मध्येच एक डोळा गमावूनही तो लढाऊ विमान चालवत राहिला होता. त्या सकाळी तो परतला नाही आणि त्याचा मृतदेहही कधी सापडला नाही. कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर मे १९४४ पासून बॉम्बवर्षाव सुरू झाल्यावर जर्मनीत नव्या वैमानिकांना शिकवण्यापुरतेही पेट्रोल उरले नव्हते. अशा वेळी अनुभवी दलप्रमुखाची जागा कोण भरणार होते? त्या दिवसाचे मोल ठरवताना मी हा प्रश्न विमानांच्या बेरजेच्या आधी विचारीन.

अशा एका दिवसाचा अभ्यास कसा होतो, याबद्दल लेखात काहीच नव्हते, आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटले. हवाई लढाईतील आकडा दोन प्रकारचा असतो. 'मी इतकी पाडली' हा लढणाऱ्याचा दावा असतो आणि 'आमची इतकी परतली नाहीत' ही समोरच्या बाजूची नोंद असते. दावा करणारा खोटे बोलतो असे मुळीच नाही. ताशी पाचशे-सहाशे किलोमीटर वेगाने चाललेल्या झटापटीत एकाच विमानावर दोघे-तिघे गोळ्या झाडतात, खालून तोफाही मारा करत असतात, आणि धूर सोडत खाली जाणारे विमान आपणच पाडले अशी प्रत्येकाची प्रामाणिक समजूत होते. म्हणून दावा नेहमी दुसऱ्या बाजूच्या नोंदीशी ताडून पाहावा लागतो.

बेल्जियममधील आश या तळाचेच उदाहरण घ्या. तेथे लेफ्टनंट कर्नल जॉन मायर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेच्या ४८७ व्या स्क्वाड्रनची १२ मस्टँग विमाने उड्डाणाच्या तयारीत असतानाच श्पेख्टचे दल येऊन धडकले. मायर यांचे विमान जमीन सोडते न सोडते तोच त्यांनी समोरचे फोके-वुल्फ हे जर्मन लढाऊ विमान पाडले. हवेत एकही विमान न गमावता या स्क्वाड्रनने २३ विमाने पाडल्याचा दावा केला, आणि तिच्या पराक्रमाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण त्याच आकाशात अमेरिकेच्याच ३६६ व्या ग्रुपची थंडरबोल्ट विमाने आधीपासून लढत होती आणि तळावरच्या विमानविरोधी तोफाही चालू होत्या. या सर्वांचे दावे नुसते एकापुढे एक मांडून बेरीज केली, तर श्पेख्टच्या दलाचे खरे नुकसान हाती लागत नाही. त्यासाठी त्या दलातील एकेका वैमानिकाचे काय झाले हेच शोधावे लागते.

आणि ते शोधणे सोपे नाही. ब्रिटिश स्क्वाड्रनांच्या दैनंदिन नोंदवह्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात, तर अमेरिकी कागदपत्रे अलाबामातील मॅक्सवेल तळावर व्यवस्थित जपलेली आहेत. जर्मन हवाई दलाची बरीचशी दप्तरे मात्र युद्धाच्या अखेरीस त्यांनीच जाळून टाकली. त्यामुळे फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात जे वाचले ते, पकडलेल्या वैमानिकांच्या जबान्या, इसेलस्टाइन आणि लोमेल येथील जर्मन दफनभूमींच्या याद्या, आणि हॉलंड-बेल्जियमच्या शेतांतून निघालेल्या अवशेषांवरील इंजिनांचे क्रमांक, एवढ्या सामग्रीतून एकेक नाव जुळवावे लागते. २७१ हा आकडा अशा कष्टांतून आला आहे, म्हणून मी त्याला मानतो.

याच कष्टांमुळे एक जुनी समजूतही मागे पडली. गुप्तता राखण्यासाठी अनेक जर्मन विमानविरोधी तोफखान्यांना मोहिमेची कल्पना दिली नव्हती, त्यामुळे त्यांनी आपलीच शंभरेक विमाने पाडली, असे युद्धानंतर वर्षानुवर्षे लिहिले गेले आणि आपल्या लेखातही तेच आले आहे. उपलब्ध नोंदी तपासल्यावर हा आकडा ३० ते ३५ च्या आसपास येतो. तोही लहान नाही, पण पराभवाचा सगळा भार त्यावर टाकता येत नाही. जर्मन लढाऊ विमानदलांचे सेनापती अडॉल्फ गालांड यांनी ही लढाऊ विमाने शत्रूच्या बॉम्बफेकी ताफ्यांवर एकत्रित प्रहार करण्यासाठी जमवली होती. ती डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियमच्या आर्देन भागात जर्मनीने केलेल्या चढाईत आणि नंतर या धाडीत खर्ची पडली, हे कारण मला कितीतरी अधिक महत्त्वाचे वाटते.

आपल्याला एवढीच विनंती आहे की, यापुढे अशा लेखांत आकडा देताना तो दावा आहे की पडताळलेली नोंद, हे लेखकाने सांगावे, आणि विमानांबरोबर माणसांचा आकडाही द्यावा. शक्य झाल्यास आश येथील त्या सकाळच्या लढाईवर दोन्ही बाजूंच्या नोंदी घेऊन एक स्वतंत्र लेख प्रसिद्ध करावा.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, सातारा