दुसऱ्या धावपट्टीबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, ग्रुपवरचा तुमचा मेसेज वाचला, "ओझरला दुसरी धावपट्टी, आता पिंकी दर महिन्याला घरी." खाली आत्याचे टाळ्यांचे सतरा इमोजी. तिथेच उत्तर देणार होते, पण ग्रुपवर मध्येच कुणीतरी गुड मॉर्निंगची फुलं टाकतं आणि विषय गेला तो गेलाच, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. आईला वाचून दाखवा, नाहीतर ती चष्मा शोधत बसेल.

आधीच सांगते, मी आपल्या नाशिकच्या ओझर विमानतळाच्या विरोधात नाहीये. बंगळुरूहून मी विमानानेच येते आणि पुढेही येईन. आणि एचएएलच्या विमान कारखान्यात नोकरी झालेल्या तुमचा जीव त्या धावपट्टीत किती अडकलाय ते मला कुणी सांगायची गरज नाही, मिग-21 सप्टेंबर 2025 मध्ये निवृत्त झालं तेव्हा तुम्ही जेवायलाही टीव्हीसमोरून उठला नव्हता आणि तीन आठवड्यांत तेजस मार्क-1ए ओझरहून उडालं तर गच्चीवर जाऊन उभे. तो अभिमान तुमचाच आहे, त्यात मी कशाला पडू. पण माझ्या येण्या-जाण्याच्या नावाखाली जे काही होईल ते सगळं चांगलंच, असं नका धरू एवढंच म्हणणं आहे.

तुमचा मुद्दा असा की जागा कारखान्याच्या कंपाउंडच्या आतलीच आहे, कुणाचं वावर जात नाही, मग हरकत कसली? बाबा, इथे बंगळुरूचा विमानतळ 2008 ला देवनहळ्ळीला सुरू झाला आणि 2019 ला दुसरी धावपट्टी. तो भाग द्राक्षांचा, बंगलोर ब्लू म्हणतात ना ती काळी द्राक्षं, आणि चकोता म्हणून एक मोठं पपनस असतं, त्यालाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. आता त्या रस्त्याने जा, दोन्ही बाजूंना प्लॉटिंगचे बोर्ड, व्हिला, हॉटेलं, गोडाऊन. धावपट्टीने नेलं ते वेगळंच, पण त्यानंतर भाव वाढले, बोअर खोल गेल्या आणि बागा एकेक करून विकल्या गेल्या. त्याच देवनहळ्ळीत एरोस्पेस पार्कसाठी 1,777 एकर घ्यायची होती, शेतकरी तीन वर्षांहून जास्त बसून राहिले तेव्हा कुठे जुलै 2025 मध्ये सरकारने माघार घेतली. आपल्याकडे जानोरी, मोहाडी, दिंडोरी सगळा पट्टा द्राक्षाचा, म्हणून मला त्या कंपाउंडच्या आतल्यापेक्षा बाहेरची काळजी जास्त आहे.

नाना म्हणतात द्राक्षं विमानाने जातील. नानांना विचारा युरोपचा माल आत्ता कसा जातो, रीफर म्हणजे थंड कंटेनर भरून न्हावाशेवा बंदराला आणि तिथून बोटीने. विमानाचं भाडं द्राक्षाला परवडतं का ते त्यांनीच हिशोब करून सांगावं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आता पाणी. आई, हे तू नीट ऐक, कारण विहिरीवर तुझंच लक्ष असतं. धावपट्टी 3 किलोमीटर लांब आणि समजा 45 मीटर रुंद, म्हणजे साडेतेरा हेक्टर झाली, नुसती पट्टी, टॅक्सीवे, पार्किंग, रस्ते अजून धरलेच नाहीत. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. शंभर मिलिमीटर पाऊस झाला की एकट्या पट्टीवरचं 1 कोटी 35 लाख लिटर. आज माळावर पडलं की त्यातलं निदान थोडं तरी मुरतं, उद्या ते धाडधाड गटारात जाणार, सोबत टायरचं रबर आणि तेल घेऊन, आणि गटार शेवटी कुठल्या नाल्याला सोडणार ते नकाशावर दाखवा म्हणायचं. पुनर्भरण करू म्हणतील, छान, पण धावपट्टीशेजारी उघडं तळं केलं तर त्यावर पक्षी येतात आणि विमानाला तेच नको असतं, म्हणजे बंदिस्त खड्डे लागणार, त्याचा खर्च अंदाजपत्रकात आहे का? ज्या ओझरने वाघाड धरणाच्या पाण्याच्या पाणीवापर संस्था काढून अख्ख्या महाराष्ट्राला वाट दाखवली, त्या गावाने हा हिशोब मागायचा नाही तर कुणी मागायचा?

पक्ष्यांवरून आठवलं. नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आपल्याच निफाड तालुक्यात, 2020 मध्ये महाराष्ट्राची पहिली रामसर जागा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ, झाली. थंडीत तिथे बाहेरून पक्षी येतात आणि विमानंही त्याच आभाळात. पक्षी धडकला तर इंजिनाचं काय होतं ते तुम्ही मला शाळेत असताना सांगितलंत, मी काय सांगू. 1937 च्या विमान नियमांत विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला, जनावर कापायला बंदी आहे, आणि आपल्या नाल्यावर चिकनवाले पिसं-आतडी टाकतात, वर घारींचा फेरा चालू असतो. ते आधी आवरा ना, त्याला कुठली नवी मंजुरी लागते?

आवाजाबद्दल बाबांना विचारण्यात अर्थ नाही, ते कानाचं मशीन काढून ठेवतात आणि मस्त घोरतात. आई, तू सांग, रात्री दोनला विमान गेलं तर तुला पुन्हा झोप लागेल? राहत्या वस्तीला रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा 2000 सालच्या ध्वनी नियमांतच आहे. विमानतळाचे नियम वेगळे आणि सैल आहेत, ठीक, पण निदान आत्ताचा आवाज मोजून कागदावर ठेवा, म्हणजे उद्या वाढला तर दाखवायला काहीतरी हातात असेल.

आणि धूळ! कामाला मुरूम-खडी लागणार, ती कुठल्या तरी डोंगरातूनच येणार, सारूळकडचे डोंगर कसे कुरतडलेत ते येता-जाता दिसतंच. डंपर आपल्याच रस्त्याने, आणि बागेवर धुळीचा थर बसला की लाल कोळीची कीड वाढते हे आप्पांनी दहादा भोगलंय. ऑक्टोबर छाटणीनंतर तरी रस्त्यावर दिवसातून दोनदा पाणी मारा, डंपरवर ताडपत्री टाका, एवढं लेखी घ्या. तोंडी "करू करू" चालणार नाही.

मला माहितीये तुम्ही म्हणाल सिंहस्थ आहे, घाई आहे. अहो पण 2027 ला येणारी बहुतेक माणसं रेल्वेने आणि एसटीनेच येणार आहेत, रामकुंडावर डुबकी मारायला चार्टर करून किती येतील? घाईच करायची तर नाशिक-पुणे रेल्वेची करा, ती नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला अडेल म्हणून मार्ग बदला, मग आता शिर्डीवरून न्या, चाललंय ते चाललंय. दादा अजून त्या पुण्याच्या रस्त्यावर चाकण-मंचरला तासन्‌तास अडकतो. मला वर्षातून कमी वेळा भेटता आलं तरी चालेल पण त्याची ती रोजची परवड संपू दे.

तर करायचं काय. विमानतळाच्या कामाला पर्यावरण परवानगीची प्रक्रिया असते, 14 सप्टेंबर 2006 ची अधिसूचना आहे त्याची. जिथे जनसुनावणी होते तिथे प्रकल्पाचा सारांश मराठीत मिळतो आणि लेखी हरकत घेतात, गेलंच पाहिजे असंही नाही. संरक्षणाच्या कामांना वेगळी सवलत असते म्हणून आधी ग्रामपंचायतीतून अर्ज टाकून विचारा की या कामाला परवानगी लागते का, लागत असेल तर अहवाल कुठे बघायला मिळेल, नसेल तर का नाही. बाबा, अर्ज तुम्ही लिहा, तुमचं अक्षर आणि तुमची भाषा साहेबाला बरोबर लागते, आणि निवृत्त कामगार म्हणून सही केलीत तर "हे विकासविरोधी" म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही. वाक्य छोटी ठेवा, "विनम्र निवेदन" दोन पानं नको. मुद्दे वरचेच, पाणी, पक्षी, आवाज, धूळ.

आणि आई, विहिरीचं माप आजपासून घे. दोरीला गाठी मार, दर पौर्णिमेला सोडून बघ आणि कॅलेंडरवर त्याच चौकोनात लिही, दुधाचा हिशोब लिहितेस तसा. फोटो मला पाठव, मी इकडे एक्सेलमध्ये भरते. आप्पांच्या आणि नानांच्या विहिरीचंही जमलं तर बघ, एका विहिरीवरून कुणी ऐकत नाही. बाबांना दोरीला हात लावू देऊ नकोस, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन अजून वर्षही झालं नाहीये, मुलगा येतो ना कामाला त्याला सांग.

अर्जाचा मसुदा झाला की फोटो ग्रुपवर नको, मला एकटीला टाका.

तुमची,
पिंकी