रंग नव्हे, आधी धूरपेटी

महोदय,

बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी (७६२ मि.मी.) रूळ ब्रॉडगेजमध्ये गेला. १८९७ मध्ये ही लाइन सुरू करणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी प्रत्येक आसावर पाच टनांचीच मर्यादा ठेवली, म्हणून हलक्या रुळांवरही लीड्सच्या किटसन कारखान्याची आठ जोडचाकांची इंजिनं धावली. आपल्या जिल्ह्याचा हा वारसा आहे. अशी जुनी नॅरोगेज इंजिनं चौथऱ्यावर ठेवली की दरवर्षी रंग लागतो आणि काम झालं असं मानलं जातं.

खरा गंज आत असतो. पावसाचं पाणी चिमणीतून धूरपेटीत, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या टोकाला चिमणीखाली असलेल्या पेटीत, पडतं, तळाच्या राखेतल्या गंधकाशी मिळून आम्ल होतं आणि पत्रा आतून खातं. वरून मात्र काळा रंग चकाकत राहतो! आधी राख खरवडून काढावी, चिमणीवर झाकण बसवावं. बाजूच्या पाण्याच्या टाक्यांतला गाळ उपसावा, सिलिंडरचे ड्रेन कॉक (साचलेलं पाणी बाहेर सोडणाऱ्या तोट्या) उघडे ठेवावेत. बॉयलरच्या वेष्टनाला तज्ज्ञाशिवाय हात लावू नये, आत ॲस्बेस्टॉस असू शकतं.

नाव-क्रमांकाच्या पितळी पाट्या काढून कुलपात ठेवाव्यात, इंजिनावर नक्कल लावावी. पाटी आधीच गेली असेल तर इंजिन ओळखण्यासाठी चाकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या टोकांवर ठोकलेले क्रमांक पाहावेत. मात्र कारखान्यात सुटे भाग एका इंजिनाचे दुसऱ्याला लागत, त्यामुळे एका आकड्यावर विसंबू नये. डब्यांना तर छप्परच हवं. लाकूड उघड्यावर टिकत नाही.

– एक वाचक, सोलापूर