आधी खडकीच्या जवानाला उभे करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत भविष्यातल्या युद्धावर आलेला लेख वाचला. यांत्रिक चिलखत चढवलेला पायदळाचा जवान आणि दोन पायांवर चालत येणारे दुमजली रणयंत्र, ही दोन्ही चित्रे आमच्या नातवाने कापून कपाटाला चिकटवली आहेत. मी भोसरीत पस्तीस वर्षे हायड्रॉलिक प्रेसच्या मेंटेनन्समध्ये काढली. त्यामुळे माझी नजर तोफेकडे न जाता त्या यंत्राच्या गुडघ्याकडे गेली, म्हणून हे पत्र.

त्या रणयंत्राचा हिशेब सोपा आहे. आपला अर्जुन मार्क-१ए रणगाडा ६८ टनांचा. एवढे धूड चालते, कारण पट्ट्यांमुळे त्याचा भार पसरतो. रणगाड्याचा जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोच्या आसपास असतो. तेच वजन दोन पायांवर उभे करा. एकेक तळवा एक चौरस मीटरचा, म्हणजे कॅरम बोर्डापेक्षा मोठा धरला, तरी चालताना एक पाय उचलला की सगळे ६८ हजार किलो दुसऱ्यावर येणार. दर चौरस सेंटीमीटरला ६.८ किलो! पावसाळ्यात काळ्या रानात रुतलेला ट्रॅक्टर ज्याने ओढून काढला आहे, त्याला पुढचे सांगायची गरज नाही. त्यात उंची एवढी की कोसावरून दिसावे, आणि गुडघ्याचा एक सांधा निकामी झाला की सगळे आडवे. युक्रेनच्या युद्धात स्वस्तातले ड्रोन रणगाडे फोडताना जगाने पाहिले. तिथे या उंच यंत्राचा निभाव लागेल असे मला वाटत नाही.

अंगावर चढवायच्या यांत्रिक सांगाड्याची, म्हणजे एक्झोस्केलेटनची गोष्ट वेगळी आहे. ती कल्पना जुनी आणि खरोखर कामाची. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६५ च्या सुमारास 'हार्डिमन' नावाचा सांगाडा करायला घेतला. माणसाने तो घालून ६८० किलो उचलावेत असा बेत होता आणि यंत्राचे वजनही जवळपास तेवढेच. एक हात कसाबसा चालला. पण सगळे अवयव एकदम चालू केले की यंत्र बेफाम झटके देई. आत माणूस बसवून ते पूर्ण चालवण्याची हिंमत कोणी केली नाही. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. व्हॉल्व्ह अडकल्यावर प्रेस कसा झटका देतो ते मी पाहिले आहे, आणि इथे त्या प्रेसच्या जागी माणसाच्या मांड्या असणार होत्या.

पुढे 'हल्क' नावाचा सांगाडा आला. जवानाच्या पाठीवरचे नव्वद किलोंपर्यंतचे ओझे तो थेट जमिनीवर उतरवत असे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या विशेष दलांनी 'टॅलोस' हा संपूर्ण चिलखती पोशाखाचा प्रकल्प हाती घेतला, तो २०१९ मध्ये पूर्ण पोशाख न होताच आटोपला. घोडे पेंड खाते ते बॅटरीपाशी. एक किलो डिझेलमध्ये साधारण बारा युनिट ऊर्जा असते. एक किलो लिथियम बॅटरीत जेमतेम पाव युनिट. म्हणजे ओझे कमी करायला सांगाडा घ्यायचा आणि त्याला चालवायला पुन्हा बॅटऱ्यांचे ओझे वाहायचे. इंजिन लावावे तर आवाज. 'एलएस३' हा चार पायांचा यांत्रिक हमाल अमेरिकन मरीन दलाने २०१५ मध्ये बाजूला ठेवला, तो आवाजापायीच. रात्री गस्तीवर निघालेल्या तुकडीसोबत फटफटणारे इंजिन कोण नेईल?

मग हा खटाटोप सोडून द्यावा का? मुळीच नाही. माझे म्हणणे इतकेच, की आपण पुणेकरांनी ही गोष्ट दुसऱ्या टोकाकडून धरावी.

१५ जानेवारी २०२५ ला लष्कर दिनाचे संचलन पहिल्यांदा पुण्यात झाले, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या मैदानावर. त्यात ओझे वाहणारी चार पायांची 'म्यूल' (खेचर) यंत्रे ओळीने चालत गेली. मी ते टीव्हीवर पाहिले, शेजारी माझा मावसभाऊ होता. तो पायदळात होता; काश्मीरमध्ये मणक्यात गोळी लागली, तेव्हापासून व्हीलचेअरवर आहे. चाकाची रिंग ढकलून ढकलून त्याच्या अंगठ्याच्या बेचक्यात घट्टे पडले आहेत. आमच्या घराचा उंबरठा दोन इंचांचा, तेवढ्यासाठी त्याला दोघांनी उचलून घ्यावे लागे. शेवटी मी पत्र्याचा उतार करून बसवला. ती यंत्रे पाहताना तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "दादा, पडलं तर ते आपलं आपण उठतं का रे?"

या प्रश्नाने मला शोधायला लावले. 'हल्क' ज्यांनी घडवला त्याच कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी २०१० मध्ये त्याच विद्येतून पाय लुळे पडलेल्यांना उभे करणारा सांगाडा दाखवला. पुढे ही कंपनी एक्सो बायोनिक्स म्हणून ओळखली जाऊ लागली. इस्रायलच्या अमित गोफर यांनी स्वतःचे हातपाय अपघातात लुळे पडल्यावर 'रीवॉक' हा तसाच सांगाडा घडवला, त्याला २०१४ मध्ये अमेरिकेत घरगुती वापराची परवानगी मिळाली. ही यंत्रे हळू चालतात, तोल सांभाळायला कुबड्या लागतात, किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेरची. तरीही नुसते उभे राहता येणे ही केवढी गोष्ट आहे ते मणक्याच्या रुग्णाला विचारा. सतत बसून हाडे ठिसूळ होतात, पोट साफ होत नाही, बसल्या जागी जखमा होतात. आणि इथे बॅटरी दिवसभर टिकायची गरजच नाही. घरात तास-दोन तास पुरली, तरी रात्री प्लग लावता येतो. रणांगणावर जे अडते ते घरात अडत नाही.

या कामाला लागणारे सगळे पुण्यात आहे. दिघीच्या आर अँड डीई या संरक्षण संशोधन संस्थेने बॉम्ब निकामी करणारा, जिने चढणारा 'दक्ष' रोबो घडवला. खडकीत मणक्याच्या इजेने लुळ्या पडलेल्या जवानांचे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून आहे, कृत्रिम हातपाय बसवणारे रेसकोर्सजवळचे आर्टिफिशियल लिंब सेंटर तर १९४४ पासून. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेलून १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकणारे मुरलीकांत पेटकर आपल्याच महाराष्ट्राचे.

म्हणून संरक्षण खात्याला कळकळीची विनंती आहे, की जवानासाठी जो यांत्रिक सांगाडा घडेल त्याचा गुडघा आणि कंबर आधी खडकीत, जखमी जवानांच्या अंगावर तपासावी. कुठे पट्टा रुततो, कुठे मांडी सोलवटते, उठताना झोक कोणत्या बाजूला जातो हे ते जितके अचूक सांगतील तितके कोणतेही मोजमाप सांगणार नाही. तिथे जो सांधा वर्षभर टिकेल, तोच पुढे लडाखच्या चढावर पाठवावा.

भोसरी-पिंपरी पट्ट्यात माझ्यासारखे निवृत्त फिटर, टर्नर पुष्कळ आहेत. नमुन्याचे बुश, पिना, ब्रॅकेट टर्न करून द्यायला, ऑइल सील बदलायला आम्ही विनामोबदला येऊ. माझा मावसभाऊ तर पहिला नंबर लावून बसला आहे.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स फिटर, दिघी, पुणे