भाट्ये खाडीच्या तोंडासाठी दरवर्षीचा निधी हवा

मा. मत्स्यव्यवसाय व बंदरे मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतो, म्हणजे तुमचा मतदार नाही. पण आजोळ रत्नागिरीचं. गेल्या मे महिन्यात मामांच्या ओळखीने, तिथल्या भाट्ये खाडीकाठच्या राजिवड्याच्या एका होडीवर गेलो होतो. पहाटे परतलो तर ओहोटी लागलेली. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकाला) उभा राहून बांबू टोचत होता. एका ठिकाणी कमरेएवढं पाणी, चार हातांवर जेमतेम गुडघाभर. इंजिन बंद केलं नि भरतीची वाट पाहत अडीच तास मांडवीसमोर डुलत बसलो. बर्फाचं पाणी झालं, लिलाव हुकला. "उधाणाला निदान आत तरी शिरतो. भांगाच्या भरतीला धड पाणीच चढत नाही," तांडेल म्हणाला. चिडून नाही, रोजचं सांगावं तसं. (उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान.)

या खाडीत येणारी काजळी नदी सह्याद्रीतून गाळ आणते, समुद्र वाळू लोटतो. पावसाळ्यात पुराचा लोंढा तोंड जरा मोकळं ठेवतो, पाऊस ओसरला की वाळू पुन्हा बसते. म्हणून एकदा ड्रेझर (गाळ उपसणारं यंत्र) लावून भागत नाही. अंगण एकदा झाडलं म्हणून केरसुणी कोणी माळ्यावर टाकत नाही.

२०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री आमच्या शहरात शिरली. पुढच्याच उन्हाळ्यात नदीत पोकलेन उतरले, मगरींना सांभाळून (हो, आमच्या नदीत मगरी आहेत) गाळ निघाला. मनात आणलं तर सरकारला एका उन्हाळ्यात पैसा आणि यंत्रं दोन्ही सापडतात, हे आम्ही पाहिलंय.

मत्स्यव्यवसाय आणि बंदरे ही दोन्ही खाती तुमच्याकडेच आहेत, तेव्हा फाइल एकीकडून दुसरीकडे फिरायचं कारण नाही. भाट्येच्या गाळउपशासाठी अर्थसंकल्पात कायमची, दरवर्षीची तरतूद करा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात निविदा उरकावी, म्हणजे नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळताच ड्रेझर कामाला लागेल. उपसलेली वाळू तोंडाजवळच टाकू देऊ नका, ती परत येते.

आणि उपशाआधीची व नंतरची खोली जेटीवर फळा लावून लिहा. तांडेलाच्या बांबूशी ती जुळते का, ते राजिवड्याची माणसं बघून घेतील.

आपला,
बडोद्याचा एक रत्नागिरीकर