मंत्रिमहोदय, अनाथ मुलाच्या आईची सही कुठून आणू?

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

फेब्रुवारीत नैरोबीला भारतीयांचा मेळावा झाला, तेव्हा आपली भेट झाली होती. मी आपल्याला आठवणार नाही, पण तो मुलगा कदाचित आठवेल. भर उन्हात हिरवा स्वेटर घालून आलेला. आपण त्याला उचलून कडेवर घेतलंत आणि दचकलात. नऊ वर्षांचं पोर इतकं हलकं कसं, असं आपण मला विचारलंत. त्याचं वजन तेव्हा १९ किलो होतं. मी सांगितलं, साहेब, याच्या हृदयाची झडप खराब झाली आहे, भारतात शस्त्रक्रिया ठरली आहे, व्हिसाचा अर्ज करतोय. आपल्या हातात माइक होता. आपण म्हणालात, "हा माझा शब्द आहे. पंधरा दिवसांत हा मुलगा भारतात असेल." टाळ्या पडल्या. फोटो निघाले.

त्या गोष्टीला आता पाच महिने होऊन गेले. गेल्या गुरुवारी अर्ज परत आला. वर एका ओळीचा शेरा होता : आई-वडिलांचे संमतीपत्र जोडलेले नाही.

मुलगा अनाथ आहे, साहेब. आई तो चार वर्षांचा असताना क्षयाने गेली. तिच्या मृत्यूचा दाखला अर्जाला जोडला होता. जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाच्या जागी फुल्या आहेत, तोही जोडला होता. त्याला आमच्या बालगृहात ठेवण्याचा इथल्या बाल न्यायालयाचा आदेश, बाल अधिकाऱ्याचं परवानगीपत्र, भारतातल्या रुग्णालयाचं पत्र, सगळं होतं. आणि आजीचा अंगठा होता. त्या अंगठ्याबद्दल मी पुढे लिहिणार आहे, कारण तो अंगठा परत आलेला मला सहन झालेला नाही.

मी मूळची अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली. शिक्षणाने परिचारिका. गेली चौदा वर्षं केनियात किसुमुच्या बाजूला, व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या एका ख्रिस्ती बालगृहात सेवा करते. पगार नाही. आमच्या मंडळीतली माणसं महिन्याला जे जमेल ते पाठवतात, त्यावर भागतं. मी इथे का आले, असं लोक विचारतात. माझी पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळात आई-बाप गमावून मिशनच्या अनाथाश्रमात आली होती. तिला भाकर देणारी, अक्षरं शिकवणारी बाई सातासमुद्रापलीकडून आली होती, तिला धड मराठी येत नव्हतं. पंडिता रमाबाईंनी केडगावला दुष्काळातल्या शेकडो मुलींना छप्पर दिलं, तेव्हाही त्यांच्या मदतीला परदेशी बायका होत्या. माझ्या घरातल्या चार पिढ्या त्या भाकरीवर उभ्या आहेत. ते ऋण मी इथे थोडंसं फेडते आहे. एवढंच कारण आहे.

आपल्या अधिपत्याखालच्या नैरोबीतल्या व्हिसा कार्यालयात खिडकीमागच्या गृहस्थांनी माझ्या व्यवसायाच्या रकान्यात 'मिशनरी' वाचलं आणि मला मराठीतच विचारलं, "इतक्या लांब कुणाला बाटवायला आलात?" मागे रांगेत दहा-बारा माणसं उभी होती. मंत्रिमहोदय, २०१९ च्या जनगणनेनुसार केनियातली दर दहांतली आठाहून जास्त माणसं ख्रिस्ती आहेत. या मुलाची आजी माझ्या आधीपासून चर्चमध्ये जाते आणि माझ्यापेक्षा जास्त प्रार्थना करते. मी इथे मुलांची गळवं फोडते, उवा काढते, तापात रात्र रात्र उशाशी बसते. माझा धर्म मी लपवत नाही आणि लपवणारही नाही. पण त्या प्रश्नाचा एका मुलाच्या हृदयाशी संबंध काय होता?

आता आजाराविषयी लिहिते, कारण आपल्या कार्यालयात तो कुणी समजून घेतला असेल असं वाटत नाही. लहान मुलाचा घसा दुखतो, ताप येतो. घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू असतो. त्या वेळी साधं पेनिसिलिन मिळालं तर गोष्ट तिथेच मिटते. नाही मिळालं तर काही मुलांमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती त्या जंतूशी लढता लढता स्वतःच्या हृदयाच्या झडपांवर उलटते. याला संधिवाताचा हृदयरोग म्हणतात. दाटीवाटीने राहणाऱ्या गरिबांच्या मुलांना हा होतो, इथेही आणि आपल्या देशातही. या मुलाची मिट्रल झडप नीट मिटत नाही, रक्त मागे वाहतं. रात्री आडवं झालं की त्याला दम लागतो, म्हणून तो दोन उशा पाठीशी घेऊन बसल्या बसल्या झोपतो. दर २८ दिवसांनी मी त्याला बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन देते, म्हणजे पुन्हा ताप येऊन झडप आणखी बिघडू नये. फार दुखतं ते. तो रडत नाही, माझ्या मनगटाला घट्ट धरतो आणि त्याच्या बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत राहतात.

भारतच कशाला हवा, असंही विचारलं गेलं. हृदयाच्या शस्त्रक्रिया केनियातही होतात, बोमेटजवळच्या तेनवेकसारख्या मिशन रुग्णालयातही होतात, आणि तिथल्या डॉक्टरांविषयी मला आदरच आहे. पण धातूची झडप बसवली तर या मुलाला जन्मभर रक्त पातळ ठेवणारं औषध घ्यावं लागेल आणि सारखी रक्ततपासणी करावी लागेल. त्याला पुढे आजीकडे राहायचं आहे. तिथून दवाखाना दूर, पावसाळ्यात रस्ता बंद. भारतातल्या एका शल्यविशारदांनी रिपोर्ट पाहून सांगितलं की झडप न बदलता दुरुस्त करता येईल, मी प्रयत्न करतो, आणि फी घेणार नाही. म्हणून भारत. त्यांनी दिलेली तारीख १८ जून होती. ती गेली.

आणि तो अंगठा. आजीचं गाव आमच्यापासून मटाटूने, म्हणजे इथल्या वडापच्या गाडीने, दीड तास आणि पुढे पायी. मी कागद घेऊन गेले तेव्हा ती मक्याच्या शेतात होती. तिने आधी हात धुतले. मग पुन्हा धुतले, कारण नखांतली माती जाईना. शाईच्या डबीत अंगठा बुडवून तिने तो कागदावर इतका जोरात दाबला की खालच्या फळीवरही शाई उतरली. मग मला म्हणाली, नीट उमटला का, नाहीतर अजून एक देते. हा कागद खिडकीमागच्या गृहस्थांनी बोटाने बाजूला सारला आणि म्हणाले, आजी चालत नाही.

आजी चालत नाही! केनियाच्या न्यायालयाला ती चालते, बाल अधिकाऱ्याला चालते. आईमागे या मुलाला तिने दोन वर्षं सांभाळलं, दम लागायला लागल्यावर पाठीवर घेऊन दवाखाना गाठला, त्या दिवशीही तीच चालली होती, साहेब. तुमच्या खिडकीला फक्त चालत नाही.

अर्ज भरताना आजोबा-आजी पाकिस्तानचे होते का, तेही विचारतात. या लुओ जमातीच्या मुलाचे आजोबा सरोवरात मासे धरत, सरोवराचा काठ सोडून ते कुठेही गेले नाहीत. मी 'नाही' लिहिलं. सुरक्षेसाठी प्रश्न विचारा, माझी हरकत नाही. पण ज्याला आई-बापच नाहीत त्याचं काय करायचं, हा प्रश्न तुमच्या एकाही अधिकाऱ्याला आजवर पडलाच नसेल? जगात अनाथ मुलं आजारी पडतच नाहीत?

आता खर्चाचं सांगते. किसुमु ते नैरोबी साधारण साडेतीनशे किलोमीटर. रात्रीच्या बसने जायचं, सकाळी रांगेत उभं राहायचं, रात्रीच्या बसने परत. अकरा फेऱ्या झाल्या, कदाचित बारा. तिकिटं सगळी जपलेली नाहीत. दर फेरीला सहा-सात हजार शिलिंग. म्हणजे सत्तर-पंचाहत्तर हजार शिलिंग नुसत्या ये-जा करण्यात गेले. एवढ्यात आमच्या सगळ्या मुलांची एका सत्राची वह्या-पुस्तकं आली असती. चौथ्या फेरीत मुलगा बसमध्ये निळा पडला. वाटेतल्या नाकुरूला उतरून मी त्याला दवाखान्यात नेलं, रात्रभर ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी खिडकीवर पोचले तर कळलं, कालची वेळ चुकली, पुन्हा वेळ घ्या.

मी तक्रारखोर बाई नाही. तीन वेळा मलेरिया झाला, कुणाला पत्र लिहिलं नाही. २०२० मध्ये विमानं बंद होती तेव्हा माझी आई गेली. तिला माती देताना मी फोनच्या पडद्यावर पाहत होते, मध्येच नेटवर्क गेलं, आणि परत आलं तेव्हा कबर बुजवून झाली होती. तेव्हाही मी सरकारला दोष दिला नाही. साथ होती, सगळ्यांचंच तसं होतं. पण आत्ता कुठली साथ आहे? आत्ता कुठलं विमान बंद आहे? नैरोबीहून मुंबई सहा तासांवर आहे.

त्या मेळाव्यात तुम्ही भारत आणि आफ्रिकेच्या नात्यावर सुंदर बोललात. रेल्वे बांधायला सुमारे ३२ हजार भारतीय मजूर इथे आले, त्यातले अडीच हजारांच्या आसपास मेले, हे तुम्हीच सांगितलंत. तो लोहमार्ग १९०१ मध्ये आमच्या किसुमुला येऊन पोचला. २०१७ मध्ये केनियाने इथल्या भारतीय वंशाच्या लोकांना आपली ४४वी जमात म्हणून मान्यता दिली, हेही तुम्ही अभिमानाने सांगितलंत. या देशाने आपल्या माणसांना पोटात घेतलं. आपण त्यांच्या एका पोराला तीन आठवड्यांसाठी आत घेऊ शकत नाही?

कुणीतरी म्हणेल, बालगृहं चालवणारे मिशनरी काय धुतल्या तांदळाचे आहेत? नाहीत. मी हे इथे राहून पाहिलं आहे. अशा कितीतरी घरांनी मुलांचे केविलवाणे फोटो दाखवून देणग्या गोळा केल्या, आणि त्यातल्या बहुतेक मुलांचं कुणी ना कुणी नातेवाईक जिवंत होतं. केनियाने नोव्हेंबर २०१७ पासून नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि २०२२ ते २०३२ अशी दहा वर्षांची योजना आखली की मुलं संस्थांमधून काढून घरांमध्ये परत न्यायची. सुरुवातीला मी यावर चिडले होते. वाटलं, आमचं काम काढून घेतात. मग आमची पहिली मुलगी मावशीकडे परतली. महिन्याने भेटायला गेले तर ती मला पाणी द्यायलाही उठली नाही, मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. तेव्हा मला पटलं. आमच्या ४१ मुलांपैकी १७ घरी गेली. आमचं घर एक दिवस बंद व्हावं अशीच माझी प्रार्थना आहे. या मुलालाही आजीकडेच जायचं आहे. पण या हृदयानिशी त्याला त्या चढावरच्या घरी कसं पाठवू?

केविलवाण्या फोटोंवर काय काय चालतं ते मी पाहिलं आहे, म्हणूनच या पत्रात त्याचं नाव नाही, फोटो नाही. तुमच्याकडे मात्र आहे. तुम्ही त्याला कडेवर घेतलेला फोटो त्याच संध्याकाळी सगळीकडे फिरला. मी परवानगी दिली नव्हती, कुणी मागितलीही नव्हती. फोटोला आई-वडिलांची संमती लागली नाही. व्हिसाला लागते.

हे एकट्या तुमच्या खात्याचं दुखणं नाही, हे मला कळतं. आपल्याकडे विधवेला, सोडलेल्या बाईला, अनाथाला प्रत्येक खिडकीवर त्याच माणसाची सही मागतात जो आता नाही. मी नगरला नोकरीत असताना हेच पाहिलं. बेवारस आलेल्या मुलाच्या केसपेपरवर पालक म्हणून कुणी सही करायची यावर अर्धा तास वाद चालायचा आणि मूल स्ट्रेचरवर पडून असायचं. कागद भरणाऱ्याला सही हवी असते. सही नसली की त्याची सुटका होते. तो अर्ज परत करतो, त्याच्या टेबलावरचं काम संपतं, जेवायला जातो. मूल मेलं तरी त्याच्या फाईलमध्ये चूक निघत नाही. ही सवय तुम्ही विमानात घालून नैरोबीपर्यंत आणली आहे.

मला हवं ते सांगते. न्यायालयाचा आदेश आणि आजीचा अंगठा हीच संमती धरा. या एका मुलासाठी खास मेहेरबानी म्हणून नको. ज्याला आई-बाप नाहीत त्याच्यासाठी न्यायालयाने नेमलेला पालक चालेल, असं लेखी काढा, म्हणजे माझ्यामागून येणारीला माझ्यासारखं उभं राहावं लागणार नाही. आणि तो फोटो काढून टाका.

स्वाहिलीत 'बाडो' म्हणजे अजून नाही. रोज सकाळी तो मुलगा कपभर उजी, म्हणजे इथली पिठाची पेज, घेऊन माझ्या दाराशी येतो आणि विचारतो, "बाडो?" मी म्हणते, "बाडो." पूर्वी तो पुढे विचारायचा, विमानात खिडकी असते का, ढगांना हात लागतो का. आता विचारत नाही. मान हलवतो आणि पायरीवर बसून उजी पितो, मध्ये दोनदा थांबून श्वास घेतो.

डॉक्टरांनी नवी तारीख दिली आहे, २२ ऑगस्ट. पुढचं इंजेक्शन ४ तारखेला आहे. सोमवारी रात्रीच्या बसने मी पुन्हा नैरोबीला येते आहे. कागद तेच आहेत. आजीकडून अजून एक अंगठा घेतला आहे, पहिल्यापेक्षा नीट उमटला आहे.

आपली,
किसुमुजवळच्या एका बालगृहातली मराठी परिचारिका