नखाएवढ्या टेपबद्दल

बोरा बाजारातल्या कॅमेरा दुरुस्तीवाल्या काकांस,
सप्रेम नमस्कार.

"बोर्ड गेलाय, नवा घ्या," असं आधीच्या दोन दुकानांनी माझा कॅमेऱ्याचा अडून बसलेला फ्लॅश हातात न घेताच सांगितलं होतं. तुम्ही आधी विचारलंत, "हातात धरला तर उडतो का?" उडत होता. स्टँडवर सरकवला की मात्र एकदा आपोआप चमकायचा आणि मग गप्प. तेव्हाच तुम्ही फ्लॅश बाजूला ठेवून तो स्टँडवर बसवायचं ब्रॅकेट मागितलंत. त्याची खाच धातूची. फ्लॅशच्या तळाचा मधला पॉइंट तिला टेकला की कडेच्या अर्थिंगशी जोडला जातो, म्हणजे बटण कायम दाबलेलंच. मग दुरून फ्लॅश उडवायचा ट्रिगर कितीही दाबा.

खाचेच्या तळाला तुम्ही वायरमनच्या काळ्या टेपचा नखाएवढा तुकडा लावलात. कडांवर मुद्दाम नाही, नाहीतर फ्लॅश आत अडकून बसतो. पैसे विचारले तर हसून म्हणालात, "टेपचे काय घ्यायचे?" मागच्या कपाटात नवे फ्लॅश मांडलेले होते, काका. एक खपवणं अजिबात अवघड नव्हतं.

वर बॅग उघडायला लावून सगळा संच पाहिलात आणि एकेक सांगत गेलात. चारही सेल एकाच वेळी घेतलेले आणि एकत्र चार्ज केलेले हवेत, एक म्हातारा निघाला की बाकीचे तीनही त्याच्यामागे बसतात. फुल पॉवरवर फ्लॅश तापवत बसण्यापेक्षा अंतर निम्मं करा, तेवढाच उजेड 1/4 पॉवरवर मिळतो आणि पुढच्या फोटोला थांबावं लागत नाही. हळदीच्या मांडवातल्या पिवळ्या बल्बांखाली फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) आणि कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (रंगांची सेटिंग) टंगस्टन बल्बवर, म्हणजे नवरी एका रंगाची आणि मागची आत्या दुसऱ्या रंगाची असं होत नाही. आणि फ्लॅशचा उजेड पसरवणारी 43 इंची छत्री उघड्यावर म्हणजे गलबताचं शीडच! वारा जिकडे ढकलतो त्या बाजूला स्टँडचा एक पाय, आणि मधल्या दांड्याला दोन-दोन लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या. वाळूची पिशवी विकत घेऊ नका, हेही तुम्हीच सांगितलंत. दुकानात ती होती तरी.

टेप अजून तशीच आहे. उन्हात गोंद सुटतो म्हणालात, म्हणून जादा तुकडा बॅटरीच्या डबीला चिकटवून ठेवलाय.

आपला,
एक गिऱ्हाईक, ज्याने त्या दिवशी काहीच विकत घेतलं नाही