यादीत काय ठेवायचं, काय काढायचं

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या अर्जात घालायच्या कामांची तुझी यादी मिळाली. ‘लीडरशिप, कम्युनिकेशन, टीमवर्क’ एवढं ऐकल्यावर मम्मी म्हणाली, ही आपलीच सायली ना? मलाही तेच वाटलं. हे शब्द कुणीही लिहील, आणि तुझ्यासारखी हजारो मुलं लिहितातच.

आपल्याकडे सीईटीचा पर्सेंटाइल आला की विषय संपतो. तू घरी काय करतेस हे कुणी विचारत नाही, म्हणून ते सांगायची आपल्याला सवयही नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांचं तसं नाही. पण त्या कॉमन ॲपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना मिळून चालणाऱ्या त्या ऑनलाइन फॉर्ममध्ये, कामांचे रकाने दहाच, आणि एकेकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, तीही मधल्या मोकळ्या जागा धरून. तेवढ्यात ‘टीमवर्क’ला कशाला जागा द्यायची?

तिसरीतला ॲबॅकस काढून टाक. ते नववी ते बारावीचं विचारतात. एमएस-सीआयटीही काढ, कॉम्प्युटर येतो हे तू त्यावर काय केलंस त्यातून कळू दे. इंटरमीजिएट ड्रॉइंगची ए ग्रेड बक्षिसांच्या पाच रकान्यांत जाईल. पेटीचं मात्र ठेव, पण ‘मध्यमा पूर्ण’ एवढंच लिहून तिथल्या माणसाला काय कळणार? देवळात हरिपाठाला तू साथ करतेस, म्हातारी माणसं पट्टी सोडतात तेव्हा सांभाळून घेतेस, ते लिही.

आता जे तू लिहिलंच नाहीस त्याबद्दल. फवारणीची वही.

निर्यातीच्या द्राक्षांच्या प्लॉटला कोणतं औषध, कधी, किती प्रमाणात मारलं आणि तोडणीला किती दिवस राहिले, ही नोंद लागतेच. २०१० साली क्लोरमेक्वॉट या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती. एका औषधापायी हंगाम कसा जातो ते आमच्या पिढीने पाहिलंय. ती वही तू नववीपासून लिहितेस. तू पुण्याला गेल्यावरही मी बाटलीच्या लेबलाचा फोटो टाकला की तू एक्सेलमध्ये भरतेस. भुरी रोगासाठी दुकानदाराने दिलेलं ते औषध आठवतं? त्याचा पीएचआय, म्हणजे फवारणीनंतर तोडणीपर्यंत थांबायचे दिवस, तोडणीच्या तारखेपलीकडे जातोय, हे तूच सांगितलंस. फवारणी थांबवली. दुकानदार नाराज झाला, होऊ दे. तुला ते घरकाम वाटत असेल. पण त्या फॉर्ममध्ये ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असा प्रकारच दिलेला आहे. हे पहिल्या नंबरला घाल.

एनजीओच्या दोन दिवसांच्या शिबिराचं सर्टिफिकेट कन्सल्टंट घालायला सांगतो म्हणालीस. त्याची फी आपण देतो, म्हणून त्याचं सगळंच ऐकलं पाहिजे असं नाही. तिथे काय केलंस असं कुणी विचारलं तर दहा मिनिटं बोलता येईल का? वहीवर तू तासभर बोलशील. माझी कसोटी एवढीच. दहा रकाने भरलेच पाहिजेत असाही नियम नाही. एमआयटीचा फॉर्म वेगळा आहे, तिथे तर चारच कामं विचारतात. आधी ते चार ठरव, बाकीचं सोपं जाईल.

दर आठवड्याचे तास लिहिताना फुगवू नकोस. ऑक्टोबरच्या सुमाराच्या गोडी छाटणीनंतर काम रोजचं असतं, एप्रिलच्या सुमाराच्या खरड छाटणीनंतर त्यामानाने कमी. दोन्ही हंगामांचे आठवडे मोजून बेरीज कर. जुन्या वह्यांच्या पानांचे फोटो उद्या पाठवतो, तारखा त्यात आहेतच. आणि शिफारसपत्र देणाऱ्या मॅडमना या वहीचं सांगितलंयस का? नसेल तर या आठवड्यात भेटून ये.

तुझे,
पप्पा